चित्र भिंतीवरून पुढे आलं, आता त्याला म्हणायचं काय?

मागच्या अंकात मी कॅनव्हास सपाट न राहता फुगतो, फाटतो, लोंबतो, पुढे येतो अशा अमूर्त चित्रांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि शेवटी म्हटलं होतं की अशी चित्रं समोरून बघून समजत नाहीत, जरा बाजूला जाऊन बघा. त्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की ह्या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे प्रश्न पाठवलेल्या मुलांनी रागावू नका, पुढच्या अंकात पहिले तुमचेच घेते.

प्रश्न : ताई, मुलगा नोकरीसाठी मिलानला असतो, आम्ही दोघं उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो. तिथे दुओमोच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, चौकातल्या म्युझियममध्ये एका रंगात रंगवलेला कॅनव्हास होता आणि त्याला सरळ सुरीने चिरा मारलेल्या. आमचे हे म्हणाले, हे तर मी घरी भाजीच्या सुरीने करीन. मला मात्र तिथून हलवेना, आणि का ते सांगता येईना. तुम्ही सांगाल का? – एक वाचक, नाशिक

ताई, तुम्हाला तिथून हलवेना हेच मला खूप महत्त्वाचं वाटतं, बाकी मग मी जे सांगेन ती माहिती.

तुम्ही पाहिलं ते लुचिओ फोंतानाचं काम. हा माणूस १८९९ साली अर्जेंटिनातल्या रोझारिओ शहरात जन्मला, वडील इटालियन आणि धंद्याने शिल्पकार, थडग्यांवरची शिल्पं वगैरे करून देणारे, आणि हा स्वतः पण मिलानच्या ब्रेरा अकादमीत शिल्पकलाच शिकला. म्हणजे हाताला सवय मातीची, प्लास्टरची. कॅनव्हास त्याच्या आयुष्यात बराच उशिरा आला. १९४९ मध्ये त्याने कॅनव्हासला भोकं पाडायला सुरुवात केली, आणि ह्या ज्या चिरा तुम्ही पाहिल्या त्या १९५८ पासूनच्या, तेव्हा तो एकोणसाठ वर्षांचा होता. चाळीस वर्षं माती-प्लास्टर हाताळलेला माणूस कॅनव्हासकडे बघतो तेव्हा त्याला ती काय चित्र काढायची पाटी दिसत नाही, त्याला ते एक ताणून बसवलेलं कापड दिसतं, एक वस्तू, जिला मागची बाजू पण आहे. आपण चित्रकार मंडळी आयुष्यभर कॅनव्हासची पुढची बाजूच बघतो.

आता तुमच्या ह्यांच्या सुरीबद्दल. करून बघा म्हणावं, मी मनापासून सांगतेय, कारण करून बघितल्याशिवाय कळत नाही की ते किती अवघड आहे. मी बघितलंय. ताणलेल्या कॅनव्हासला चीर मारली की कापड दोन्हीकडे सैल पडतं, कडा लोंबतात, धागे निघतात आणि ते सरळ सरळ फाटक्या कापडासारखं दिसतं. फोंताना आधी पूर्ण कॅनव्हास एका रंगात रंगवायचा, मग धारदार कटरने वरून खाली एकच ओढ, मग हाताने त्या चिरेच्या कडा हलकेच आत किंवा बाहेर वळवायचा, आणि मागून काळी जाळीदार पट्टी चिकटवायचा. त्या काळ्या पट्टीमुळे चिरेतून मागची भिंत दिसत नाही, अंधार दिसतो. किती खोल आहे ते कळत नाही. तुम्हाला हलवेना ते बहुतेक ह्याच्यामुळे, डोळा आत जायला बघतो आणि त्याला तळ सापडत नाही. ह्या चित्रांना त्याने नाव दिलं ‘अत्तेसा’, म्हणजे वाट बघणं, एक चीर असेल तर ‘अत्तेसा’ आणि जास्त असतील तर त्याचं अनेकवचन ‘अत्तेसे’. उगो मुलास नावाच्या फोटोग्राफरने १९६४ मध्ये त्याचे कापतानाचे फोटो काढलेत ते फार गाजले, पण खरं कापताना त्याला समोर माणूस चालायचा नाही, म्हणून ते फोटो म्हणजे कापण्याची नुसती पोझ आहे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्याने कळतं की त्या एका ओढीसाठी तो किती थांबायचा.

आणि एक, पुढच्या वेळी मिलानला गेलात तर त्या चित्राच्या अगदी डाव्या बाजूला जाऊन भिंतीला लागून उभ्या राहा (गार्डला त्रास होणार नाही इतक्या अंतरावर) आणि तिथून तिरकं बघा. समोरून जी रेघ वाटत होती ती तिथून ओठासारखी उघडलेली दिसेल आणि त्या ओठाची सावली रंगावर पडलेली दिसेल. ती सावली फोंतानाने रंगवलेली नाहीये, पण ती त्याच्याच चित्रातली आहे.

प्रश्न : मॅडम, मी बीएफएच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं काम प्लायवर आहे, त्यावर काथ्या, कापड, प्लास्टर आणि ॲक्रेलिक. एका प्रदर्शनाच्या फॉर्मवर ‘चित्र’ किंवा ‘शिल्प’ ह्यातलं एकच टिक करायचंय. सर म्हणतात शिल्प लिही, मित्र म्हणतात पेंटिंग लिही. काय लिहू? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

अरे, आधी फॉर्मच्या मागच्या बाजूचे नियम वाच. बऱ्याच ठिकाणी जाडी आणि वजनाची मर्यादा दिलेली असते, भिंतीवर टांगायचं काम अमुक इंचापेक्षा पुढे नको, अमुक किलोपेक्षा जड नको, आणि तू त्यात बसत असशील तर बिनधास्त ‘चित्र’ लिही आणि माध्यमाच्या रकान्यात ‘मिश्र माध्यम’ लिहून पुढे सगळी यादी दे, प्लाय, काथ्या, कापड, प्लास्टर, ॲक्रेलिक. बसत नसशील तर शिल्प. फॉर्मपुरतं एवढंच आहे, त्यात जीव अडकवू नकोस.

पण तुझा खरा प्रश्न फॉर्मचा नाहीये हे मला कळतंय, म्हणून थोडं जास्त लिहिते. आपल्याकडे जुन्या शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत तीन शब्द येतात, चित्र, अर्धचित्र आणि चित्राभास. आता गंमत बघ, त्यात ‘चित्र’ म्हणजे चहूबाजूंनी घडवलेली पूर्ण मूर्ती, जिच्याभोवती आपण फिरू शकतो. ‘अर्धचित्र’ म्हणजे भिंतीतून अर्धी बाहेर आलेली, ज्याला आपण आता उठाव म्हणतो. आणि आपण ज्याला चित्र म्हणतो, रंगाने काढलेलं, सपाट, त्याला त्यांनी म्हटलं चित्राभास, चित्राचा आभास. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस त्याच विचारात होते. म्हणजे ज्यांनी हे शब्द केले त्यांच्या डोक्यात चित्र आणि शिल्प अशा दोन वेगळ्या खोल्या नव्हत्याच, एकच जिना होता आणि त्याच्या पायऱ्या. तू मधल्या पायरीवर उभा आहेस, बस.

अमेरिकेत डोनाल्ड जड म्हणून कलाकार होता, तो लिहायचा पण, त्याने १९६५ च्या एका लेखाची सुरुवातच अशी केलीय की गेल्या काही वर्षांतलं निम्मं किंवा त्याहून जास्त चांगलं काम ना चित्र आहे ना शिल्प. म्हणजे तुझ्या सरांचं आणि मित्रांचं भांडण साठ वर्षं जुनं आहे.

एक माझा अनुभव सांगते, तो तुला फॉर्मपेक्षा जास्त कामाला येईल. माझं एक काम होतं, चार बाय तीनचा बोर्ड, त्यावर काथ्याच्या दोऱ्या आडव्या-तिडव्या चिकटवून वरून जुन्या लुगड्याचं कापड ओलं करून बसवलेलं, आणि सगळ्याला एकच चुन्यासारखा पांढरा रंग. त्यात जे काय होतं ते फक्त सावल्यांचं होतं, दुसरा रंगच नव्हता. एका प्रदर्शनात ते लावलं आणि समोरून चार दिवे असे मारले की सगळ्या सावल्या गेल्या. कोरा बोर्ड दिसत होता. मी तीनदा सांगितलं, कुणी ऐकलं नाही, लोक यायचे आणि रिकामी जागा समजून पुढे जायचे, मला तेव्हा रडू आलं होतं खरंच. मग तिसऱ्या दिवशी तिथला इलेक्ट्रिशियन, वयस्कर माणूस, शिडी घेऊन दुसऱ्याच कामाला आला होता, त्याला मी विनंती केली आणि त्याने काही न बोलता तीन दिवे बंद केले आणि चौथा ओढून एकदम डावीकडे वर नेला. दोऱ्या उभ्या राहिल्या. कापडाच्या चुण्या, खालच्या गाठी, लुगड्याच्या काठाची एक बारीक रेघ जी मी स्वतः विसरले होते, ती पण. तो शिडीवरूनच म्हणाला, ‘हां, आता आलं बाहेर.’

तर फॉर्ममध्ये जागा असेल तिथे लिही, ‘प्रकाश डावीकडून, वरून, एकच’. आणि लावायच्या दिवशी स्वतः जा.

प्रश्न : ताई, मी शाळेत चित्रकला शिकवते. यूट्यूबवर बघून कॅनव्हासवर पीओपीने टेक्श्चर केलं, मुलांना पण करायला लावलं, पण महिन्याभरात तडे गेले आणि पावसाळ्यात मागे काळी बुरशी आली. आमच्याकडे पाऊस तर तुम्हाला माहितीये. चूक कुठे झाली? – एक शिक्षिका, रत्नागिरी

बाई, चूक पीओपीची नाही आणि तुमचीही नाही, चूक त्या जोडीची आहे. ताणलेला कॅनव्हास म्हणजे कापड, ते पावसात सैल होतं, उन्हाळ्यात ताणलं जातं, कुणाचा धक्का लागला की हलतं. पीओपी एकदा सुकलं की दगड. हलणाऱ्या वस्तूवर न हलणारी वस्तू बसवली की तडा जाणारच.

म्हणून जाड काम करायचं तर खाली प्लाय घ्या, १२ एमएमचा, आणि कोकणात असाल तर मरीन प्लायच घ्या, थोडा महाग पडतो पण एमडीएफ अजिबात नको, एमडीएफ ओलाव्याने बिस्किटासारखा फुगतो. प्लायला दोन्ही बाजूंनी प्रायमर मारा, मागे पण, नाहीतर एका बाजूने ओल पिऊन बोर्ड वाकतो. मग त्यावर कॅनव्हासचं किंवा साधं मांजरपाटाचं कापड फेव्हिकॉलने चिकटवा, आणि टेक्श्चरसाठी पीओपीऐवजी फेव्हिकॉल आणि व्हायटिंग, म्हणजे ती खडूची पावडर हार्डवेअरवाल्याकडे मिळते ती, श्रीखंडाइतकं घट्ट कालवून वापरा. त्यात फेव्हिकॉल असल्यामुळे थोडी लवचीकता राहते. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच्या वर थर देऊ नका, तो पूर्ण सुकला की पुढचा. जास्त उंची हवी असेल तर सगळी पेस्टने भरू नका, खाली सुतळी, काथ्या, पुठ्ठा, कागदाचा लगदा काहीही घाला आणि वरून पेस्टचं कातडं द्या. लगदा करताना मैद्याची खळ घातली असेल तर बुरशीचं कारण तेच, बुरशीला ती मेजवानी आहे. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात म्हणून पुस्तकं टिकतात, पण मोरचूद विषारी, मुलांच्या हातात ते नकोच, त्यापेक्षा लगद्याला पण फेव्हिकॉलच वापरा.

लावताना मागच्या चारही कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि बोर्ड ह्यांच्यात वारा खेळता राहील. पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर लावू नका. आणि वजनाचा अंदाज घ्या, तीन बाय दोन फुटांच्या बोर्डवर सरासरी एक सेंटीमीटर प्लास्टर म्हटलं तर प्लायसकट दहा-अकरा किलो होतं, ते एका खिळ्यावर टांगायचं नाही, ड्रिल करून रॉल प्लग आणि दोन स्क्रू. वर्गात मुलांच्या डोक्यावर तर नाहीच.

हे कापड-लाकूड-खडूचं प्रकरण मी शोधलेलं नाहीये बरं का. तंजावरची चित्रं आठवतात ना, सोन्याचा वर्ख लावलेली, कृष्णाच्या दागिन्यांना हात लावला तर बोटाला उंचवटा लागतो ती? सरफोजीराजांच्या आणि एकूणच तंजावरच्या मराठ्यांच्या काळात ती फार बहरली. त्यात हेच आहे, लाकडाची फळी, त्यावर कापड, त्यावर खडूची पूड आणि डिंकाचा उठाव, मग वर्ख. तमीळमध्ये त्याला ‘पलगै पडम’ म्हणतात, फळीवरचं चित्र. नाव फळीचं आहे, रंगाचं नाही! ती चित्रं अमूर्त नाहीत हे खरं, पण देव्हाऱ्यातल्या समईच्या उजेडात तो उठाव आणि वर्ख कसा हलतो ते बघितलं की मला वाटतं त्या कारागिरांना प्रकाश आपल्याहून जास्त कळत होता.

आणि तडे गेलेलं काम टाकून देऊ नका. आल्बेर्तो बुर्री नावाचा इटालियन होता, खरं तर डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर म्हणून गेला, १९४३ मध्ये पकडला गेला आणि त्याला अमेरिकेत टेक्ससमधल्या हेरेफर्डच्या कैद्यांच्या छावणीत ठेवलं, तिथे तो चित्रं काढायला लागला आणि १९४६ ला परत आल्यावर डॉक्टरी सोडूनच दिली. ह्याने गोणपाटं शिवून चित्रं केली, प्लॅस्टिक जाळून केली, १९५० मध्ये कॅनव्हासच्या मागे फांद्या घालून त्याला पुढे कुबड आणलं, त्या चित्रांना नाव पण ‘गोब्बी’, म्हणजे कुबडेच. आणि पुढे सत्तरच्या दशकात त्याने मुद्दाम तडे जाणारी चित्रं केली, ‘क्रेत्ती’. चिनीमाती, झिंक व्हाइट आणि आपल्या फेव्हिकॉलसारखाच गोंद, जाड थर द्यायचा आणि सुकताना तडकू द्यायचा, मग हवा तिथे तो तडा गोंदाने थांबवायचा. उन्हाळ्यात आटलेलं तळं कसं दिसतं, तसं.

इथपर्यंत चित्र होतं. पुढे काय झालं ते ऐका. सिसिलीमधलं जिबेलिना नावाचं गाव १९६८ च्या भूकंपात पूर्ण पडलं. नवीन गाव दुसरीकडे वसवलं. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर काहीतरी कर म्हणून बुर्रीला बोलावलं, आणि त्याने तो सगळा ढिगारा पांढऱ्या सिमेंटने झाकून टाकला, साधारण दीड मीटर उंचीचे प्रचंड ठोकळे, आणि त्यांच्यामध्ये तडे सोडले जिथे पूर्वी गल्ल्या होत्या. जवळजवळ ८०,००० चौरस मीटर, म्हणजे वीस एकर. १९८० च्या दशकात बरंचसं झालं आणि राहिलेलं २०१५ मध्ये पूर्ण झालं. तुम्ही त्या तड्यांतून चालता. म्हणजे चित्राच्या भेगेतून चालता, आणि ती भेग म्हणजे कुणाच्या तरी घरासमोरची गल्ली आहे, आणि बाजूच्या सिमेंटखाली त्या घराच्या भिंती, भांडी, पलंग. आपल्याकडे किल्लारीच्या भूकंपाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना ह्यातलं काय ते मी सांगायची गरज नाही. तुमच्या वर्गातला तो तडकलेला बोर्ड मुलांना दाखवा आणि ही गोष्ट सांगा.

वजनाचा विषय निघाला म्हणून अजून एक. सॅन फ्रान्सिस्कोच्या जे डिफिओ ह्या चित्रकर्तीने १९५८ ते १९६६ एकाच चित्रावर काम केलं, ‘द रोझ’. तैलरंग, लाकूड, अभ्रक, थरावर थर, खरवडायचं आणि परत भरायचं. जाडी अकरा इंचांच्या आसपास गेली, वजन जवळपास एक टन. १९६५ मध्ये तिला भाड्याची जागा सोडावी लागली तेव्हा ते दारातून निघेना, खिडकीकडची भिंत तोडून माणसांनी ते खाली उतरवलं. नंतर कित्येक वर्षं ते एका कला शाळेत खोट्या भिंतीमागे बंद होतं, रंगाचे थर सुटायला लागले होते, शेवटी १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने ते बाहेर काढलं, मागून आधार देऊन सावरलं आणि घेतलं. आठ वर्षं एक चित्र! मला कधी एखादं काम नकोसं झालं की मी तिची आठवण काढते.

प्रश्न : अशा चित्रांवरची धूळ कशी पुसायची? ओलं फडकं चालेल? – पुणे

नाही चालणार. मऊ केसांचा रुंद ब्रश घ्या, नवा कोरा, आणि वरून खाली हलकं झाडा. फडक्याचे धागे उंचवट्यांना अडकतात आणि पाण्याने धूळ खाचांमध्ये चिखल होऊन बसते, मग निघत नाही. मॅट पांढरं काम असेल तर काच लावलेल्या खोल पेटीत ठेवणं बरं.

प्रश्न : तुम्ही नेहमी परदेशी नावं सांगता. आपल्या मराठी माणसांनी ह्यात काही केलंय की नाही? – एक वाचक, डोंबिवली

केलंय, आणि दादा, तुम्ही विचारलंत म्हणून मला बरं वाटलं, कारण मोहन सामंत हे नाव आपल्याकडे फारच कमी घेतलं जातं.

सामंत १९२४ चे, गोरेगावचे. १९५२ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडले, प्रोग्रेसिव्ह ग्रुप ह्या मुंबईतल्या चित्रकारांच्या गटात पण होते. मग रोमला शिष्यवृत्तीवर, मग रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्क, आणि १९६८ पासून कायमचे तिकडेच, २००४ मध्ये तिथेच गेले. हुसेन, रझा, सूझा ही नावं शाळेतल्या मुलालाही माहीत असतात आणि त्याच मांडवातला हा माणूस मात्र राहून गेला. आयुष्यभर सारंगी वाजवायचे, छंद म्हणून नाही, रोजचा रियाज. मी हे उगाच सांगत नाहीये. सारंगीत बोट तारेवर दाबायचं नसतं, नखाच्या मुळाशी तार बाजूने घासत न्यायची असते, आणि सामंतांची १९७० च्या दशकानंतरची चित्रं बघितली की त्यात काय आहे? तार. कॅनव्हासवर वाळू, प्लास्टर, जाड रंग, त्यात खड्डे, खड्ड्यांत कापलेल्या कागदाच्या आकृती, आणि ह्या सगळ्याच्या पुढे हवेत वाकवलेली तार, रेघ म्हणून. रेघ कागदावर नाही, कागदाच्या पुढे. दिवा हलला की तारेची सावली मागच्या चित्रावर सरकते आणि एका रेघेच्या दोन होतात. सारंगी आणि ही तार ह्यांचा संबंध मी जोडतेय, सामंतांनी तसं म्हटलंय असं नाही, पण मला तो दिसतो. त्यांची चित्रं पूर्ण अमूर्त नव्हेत, त्यात माणसं, प्राणी सापडतात, पण पृष्ठभागाचं जे काम आहे ते ह्याच वाटेवरचं.

जेराम पटेल मूळचे गुजरातमधल्या सोजित्र्याचे पण शिकले आपल्या जे. जे. मध्येच, १९५० ते ५५. त्यांनी साठच्या दशकात प्लायवूड घेतलं आणि ब्लो टॉर्चने जाळलं. सुतार-वेल्डरकडे असते ती ज्योत. प्लायचे थर जळत आत जातात, काळ्या कोळशाचे खड्डे होतात, कडेला तपकिरी, मग लाकडाचा मूळ रंग. तिथे काळा रंग लावलेला नाहीये, लाकूडच काळं झालंय.

आणि एक गोष्ट अहमदाबादची, मराठी नाही पण शेजारची. फ्रँक स्टेला, अमेरिकन, २०२४ मध्ये गेला. हा आधी अगदी सपाट काळ्या पट्ट्यांची चित्रं करायचा आणि ‘जे दिसतंय ते दिसतंय’ असं म्हणायचा. १९७७ मध्ये तो अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे पाहुणा होता. तिथे त्याला छपाई बिघडलेले पत्रे मिळाले, डब्यांसाठी छापतात तसे रंगीत. ते कापून वाकवून त्याने छोटे नमुने केले आणि नंतर अमेरिकेत त्यावरून अॅल्युमिनियमची मोठी कामं, भिंतीवरून चांगलीच पुढे येणारी, लाखेसारखे चमकते रंग, काचेचा चुरा. मालिकेचं नाव ‘इंडियन बर्ड्स’, आणि एकेकाचं नाव बघा, ‘राम गंगरा’, ‘जंगली कौवा’, ‘शमा’. आपले पक्षी! त्यात एकही पक्षी काढलेला नाहीये, नुसते वळलेले पत्रे, पण भिंतीला टेकलेल्या त्या पत्र्यांच्या कडा बघितल्या की आता उडेल असं वाटतं. आणि इतकं सगळं बाहेर येऊनसुद्धा स्टेला त्यांना चित्रंच म्हणायचा. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने हे पण वाचावं.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. मुंबईत एका प्रदर्शनात त्याने असल्याच एका उंच-सखल चित्राला हात लावला, तिथला माणूस एवढ्या जोरात ओरडला की तो आता गॅलरीत यायलाच तयार नाही. हात लावावासा तर मलाही वाटला होता. – एक आई, ठाणे

वाटणारच हो. चित्र पुढे आलंय म्हणजे ते हाताच्या अंगणात आलंय, सहा वर्षांच्या मुलाला त्यात चुकलं काय? ओरडण्याऐवजी त्याला दोन मिनिटं समजावता आलं असतं. कारण खरं असं आहे की हाताला घाम असतो, तेल असतं, ते मॅट रंगावर बसलं की डाग पडतो आणि वर्षभराने तो पिवळा दिसतो, आणि रोज शंभर जणांनी एकाच टोकाला हात लावला तर ते टोक तुटतं. हे त्याला सांगा, मुलांना कळतं.

आणि हे पण सांगा की काही कामं हात लावायलाच केलेली होती. ब्राझीलची लिजिया क्लार्क आधी सपाट भौमितिक चित्रं करायची, मग तिच्या चित्रांचे तुकडे वळायला लागले, भिंतीवरून सुटले, आणि १९६० पासून तिने ‘बिशोस’ केले, म्हणजे प्राणी, किडे-मकोडे. धातूच्या पट्ट्या बिजागरीने जोडलेल्या, बघणाऱ्याने हातात घ्यायच्या आणि वळवायच्या, प्रत्येक वेळी वेगळा प्राणी. आता म्युझियममध्ये खऱ्यांना हात लावू देत नाहीत, पण बनवल्या त्या हातासाठीच.

आणि मुंबईत जन्मलेले अनिश कपूर, त्यांचं १९९२ चं एक काम आहे, ‘व्हेन आय अॅम प्रेग्नंट’. पांढरी भिंत आणि तिला आलेला पांढरा फुगवटा, पोट आल्यासारखा. समोर उभं राहिलं तर जवळपास काहीच दिसत नाही, नुसती भिंत. दोन पावलं बाजूला गेलं की एकदम ते पोट दिसतं. तुमच्या मुलाला लहान भावंड असेल किंवा येणार असेल तर त्याला हे लगेच समजेल.

बंगालचे चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर ह्यांची ‘वुंड्स’, म्हणजे जखमा, ही मालिका त्याला अजून थोडा मोठा झाला की दाखवा. मातीच्या किंवा मेणाच्या पाटीवर सुरीने, तापलेल्या सळीने जखमा करायच्या, त्यावरून सिमेंटचा साचा काढायचा, आणि त्यात कागदाचा लगदा ओतून छाप. पांढऱ्यावर पांढरं, क्वचित कुठे लाल. बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी बघितलेला माणूस. मी पहिल्यांदा एक छाप जवळून बघितला तेव्हा आधी मला वाटलं कागद दमट होऊन सुरकुतलाय, मग मी मान वाकवली आणि ती सुरकुती कातडी होती. लहान मुलाला ते जड जाईल.

तोवर घरी एक करा. जाड पुठ्ठा घ्या, त्याला फेव्हिकॉल लावून सुतळी, काडेपेटीच्या काड्या, डाळीचे दाणे, त्याला जे सापडेल ते त्याच्या मनाने चिकटवू द्या, वरून जुन्या धोतराचं किंवा ओढणीचं पातळ कापड फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून नीट दाबून बसवा, एक दिवस सुकू द्या आणि मग सगळ्याला एकच रंग द्या, दोन नाही. रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च त्याच्या हातात देऊन पुठ्ठ्याच्या कडेला धरायला सांगा, मग हळूहळू वर, मग दुसऱ्या बाजूला. डाळीच्या एका दाण्याची सावली केवढी लांब जाते ते तो स्वतःच ओरडून सांगेल. आणि ह्या चित्राला हवा तेवढा हात लावू द्या. फोटो काढलात तर मला नक्की पाठवा, फक्त समोरून नको, बाजूने काढा.